दाजींची सहा मिनिटं

आमच्या शेजारच्या दाजींना आपल्यापुढे चालणारा माणूस खपत नसे. एकदा स्मशानाच्या वाटेवर ते तिरडीच्याही पुढे निघाले. मडकं धरलेला मुलगा म्हणाला, "दाजी, जरा मागे व्हा." तर म्हणतात कसे, "तू ये सावकाश. मी होतो पुढे, लाकडं बघतो!"

पुढे जायचं आणि मग विजेचा खांब धरून धापा टाकायच्या. दमा लहानपणापासूनचा. पण विचारायची सोय नाही. "दम नाय लागला, तुमची वाट बघतोय!"

पंच्याऐंशी सालच्या सुमारास शिमगा तोंडावर आला आणि दाजींनी हट्ट धरला, गावच्या पालखीला खांदा देणार. गाव देवरुखच्या पलीकडे, सगळा चढ. डॉक्टर म्हणाले, आधी चालून दाखवा. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या ठेवायच्या आणि त्यांच्यामध्ये सहा मिनिटं आपापल्या चालीने येरझाऱ्या घालायच्या. किती अंतर कापलं, त्यावरून छातीची ताकद कळते म्हणे.

दाजींना ती शर्यत वाटली. सकाळपासून दवाखान्याच्या आवारात सराव सुरू. मी म्हटलं, "दाजी, टेका जरा."

"गाडी गरम करतोय, मास्तर!"

नंबर लागला तेव्हा गाडी बंद पडायला आली होती. तरी औषधांचा ट्रे घेऊन चाललेल्या नर्सबाईंना त्यांनी मागे टाकलंच. मग भिंत धरली ती सोडवेना. डॉक्टर म्हणाले, "खांदा द्यायचा नाही. फार तर पालखीमागून हळूहळू चाला."

परतताना मला राहवेना. "खांद्यावाचून एवढं काय अडलंय हो?"

तेव्हा कळलं. थोरले भाऊ तात्या गावी असतात. बांधावरच्या फणसावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. आता तात्यांची नजर गेली होती.

"मग सरळ जाऊन भेटा की!"

"मी गेलो तर मी नमलो, मास्तर. पालखीला खांदा देऊन गेलो तर देव आला घरी. देवाला कोण अडवतो?"

शिमग्याला मी मुद्दाम बरोबर गेलो. पालखी नाचत पाखाडीच्या पायऱ्या चढून तात्यांच्या अंगणात शिरली. दाजी कसेबसे मागून पोचले आणि गर्दीच्या आडोशाला उभे राहिले. ओट्यावर तात्या हात जोडून बसले होते. पूजेसाठी ढोल थांबला आणि त्या शांततेत दाजींच्या छातीची शिट्टी साऱ्या अंगणाला ऐकू आली.

तात्यांनी मान वळवली. "दाजी हाय ना रे तो?"

माणसं बाजूला सरली.

"लहानपणी असाच धापायचा. चढावर पाठीवर घ्यायचो मी त्याला." तात्यांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "ये. आधी दम खा. मग भांड हवं तेवढं."

दाजी ओट्यापर्यंत गेले आणि भावाचा हात दोन्ही हातांनी धरून लहान पोरासारखे रडले.