पाचगणीचा मल्हार

सत्यजीतचं लग्न ठरलं त्या दिवसापासून मल्हार पाचगणीला बोर्डिंगमध्ये शिकू लागला. ही बातमी मल्हारला सोडून बाकी सगळ्यांना होती. प्रत्यक्षात तो शिक्रापुरात, आईबापाच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, पलंगाखाली बसून टॉर्चचं बटण चालू-बंद करत असायचा. वय आठ, बोलणं शून्य. मोठा आवाज झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून तो असा काही सूर लावायचा, की हायवेवरचे ट्रकवाले ब्रेकवर पाय ठेवायचे.

पाचगणीची शाळा त्याच्या आजीने, म्हणजे साखरबाईंनी शोधून काढली होती.

"पोरीकडचे इचारत व्हते, घरात कुणाला काय आजारबिजार हाय का," त्यांनी लेकीला, स्नेहलला सांगितलं. "म्या म्हनलं, न्हाई. आता न्हाई म्हनल्यावर मल्हारला कुठंतरी ठेवाया नगं?"

"आई, नातू हाय तो तुझा."

"म्हनून तर पाचगणी म्हनलं. परक्याच्या पोरासाठी एवढी फी कोण भरतंय?"

स्नेहल यावर भांडली असती, पण सत्यजीत तिचा एकुलता एक भाऊ होता आणि करवलीचा मान तिचा होता. मल्हार झाल्यापासून कुठल्याही लग्नात तिला पुढे उभं राहता आलं नव्हतं. प्रत्येक कार्यात तिची जागा ठरलेली: मांडवाच्या मागे, चपलांच्या ढिगाशेजारी, मल्हारला घट्ट धरून. अक्षता ती लांबूनच टाकायची. त्या चपलांवरच पडायच्या. निदान या एका लग्नात तिला हातात करा-दिवा घेऊन, नीट इस्त्री केलेल्या नऊवारीत, भावाच्या मागे उभं राहायचं होतं. नवरा म्हणाला, मी थांबतो पोराजवळ. पण जावईच आला नाही तर मांडवात दुसरा विषय राहिला नसता. तेव्हा दोघांनाही जाणं भाग होतं, आणि मल्हारला कुणाकडे तरी ठेवणंही.

ठेवायला नातेवाईक नव्हतेच. म्हणजे होते पुष्कळ, पण मल्हारचं नाव निघालं की प्रत्येकाच्या घरी नेमका रंग काढायला घेतलेला असायचा. होती ती आणखी तीन घरं. पुण्याच्या एका दवाखान्यात बाकावर बसून बसून ओळख झालेली. शिक्रापूरचा टेंपोवाला महबूब, त्याच्या मेहकला लहानपणापासून शुगर, रोज इंजेक्शन. न्हावऱ्याची रुपाली, तिची करिश्मा एका जागी बसत नाही, आणि बसवायला गेलं की चावते. दौंडच्या सरदारबी, त्यांच्या नातीला, अफरीनला, फिट यायच्या. या चौघांनी मिळून एक पद्धत बसवली होती. कुणाला अडचण आली की पोरं फिरवायची. आपल्या पोराने रस्त्यावर लोळण घेतली की आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दुसऱ्याच्या पोराने घेतली की आपण शांतपणे शेजारी बसून शेंगा खाऊ शकतो. या एका शोधावर त्यांचं सगळं चाललं होतं.

नियमही एकच होता. दुसऱ्याचं पोर घ्यायचं असेल त्या दिवशी आपलं पोर घरात ठेवायचं नाही. महबूबने एकदा दोन्ही ठेवून पाहिली होती. मेहकची शुगर उतरून ती घामाने भिजली, त्याच वेळी मल्हार पाण्याच्या टाकीवर चढला होता. तेव्हापासून नियम.

मग नियमाप्रमाणे ठरलं. मल्हार महबूबकडे. म्हणून मेहक रुपालीकडे. म्हणून करिश्मा सरदारबींकडे. म्हणून अफरीन... अफरीन स्नेहलकडे.

"पण मीच तर लग्नाला चाललेय," स्नेहल म्हणाली.

"तर मग लग्नाला घिऊन जाव," सरदारबी फोनवर म्हणाल्या. "माझी पोरगी शांत हाय, बाई. गोळी चालू हाय. बरेच दिवसांत काय न्हाई झालं. अन् जिलबी बी खाईल गरीब."

अशा रीतीने स्नेहल स्वतःचं पोर दुसऱ्याकडे ठेवून दुसऱ्याचं पोर घेऊन भावाच्या लग्नाला गेली.

कार्यालय पाटसला, हायवेला लागून. पोचताच स्नेहलच्या नवऱ्याला भटारखान्यावर नजर ठेवायला धाडलं गेलं. साखरबाईंनी हिरव्या फ्रॉकमधल्या अफरीनला वरून खाली पाहिलं आणि लेकीला खांबाआड ओढलं.

"ही कुणाची?"

"मैत्रिणीची. अफरीन."

"आपलं सोडून परक्याचं काखंत मारलं व्हय? आन् हिला काय झालंय?"

"काही नाही झालेलं."

"तुज्या मैत्रिणींच्या पोरांना काय झालेलं नसतं असं कवा झालंय?"

तेवढ्यात स्नेहलच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला.

"स्नेहलताई," महबूब ओरडत होता, कारण मागून मल्हार ओरडत होता, "ते कानाचं कुठं हाय?"

कानाचं म्हणजे आवाज अडवायचे हेडफोन. त्याशिवाय मल्हार उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. स्नेहलने बटव्यात हात घातला. हेडफोन बटव्यात होते, हळदीकुंकवाच्या पुडीखाली.

"महबूबभाई, ते माझ्याकडंच राहिलं."

"मंग येतो घ्यायला. तोवर ह्याला टेंपोच्या केबिनमदी काचा लावून बसवतो. अन् अजून एक झालंय, मेहकचं इंजेक्शन माझ्याच डब्यात राहिलं. न्हावऱ्यावरून देऊन येतो."

"गेटवरच थांबा हां. आत येऊ नका."

"आत कशाला येतोय मी? मला कोण बोलवलंय?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण न्हावऱ्याला महबूबचा टेंपो थांबला तेव्हा रुपाली मेहकचा हात धरून रस्त्यावरच उभी होती. सरदारबींचा फोन आला होता. करिश्मा त्यांच्या पत्र्यावर चढून बसली होती आणि आई आल्याशिवाय उतरणार नाही म्हणत होती. रुपाली म्हणाली, मला दौंडला सोडा. महबूब म्हणाला, पाटसवरून जाऊ. रुपालीने सरदारबींना कळवलं, आम्ही पाटसला येतोय. ते ऐकून करिश्मा आपणहून खाली उतरली. आई पाटसला येतेय, तर आपणही पाटसला जायचं. सरदारबींनी डोक्यावर पदर घेतला, तिचं मनगट धरलं आणि एसटीत बसल्या.

गेटवर थांबायचा बेत चांगला होता. फक्त तो फेटेवाल्याला माहीत नव्हता. वधूपक्षाने फेटेवाला गेटवरच बसवला होता, आणि आत येणाऱ्या पुरुषाचं डोकं रिकामं जाऊ द्यायचं नाही असा त्याला हुकूम होता. महबूबने "आपण पाहुणे न्हाई" म्हणेपर्यंत अर्धा फेटा झाला होता. मल्हारलाही त्याने सोडलं नाही. पण झालं भलतंच. फेटा कानांवरून घट्ट खाली आला, बाहेरची हलगी दबली आणि मल्हार ओरडायचा थांबला. आता फेटा काढायची कुणाची छाती? आणि फेटा बांधलेल्या माणसाला गेटवर उभं कोण ठेवतंय? स्वयंसेवकांनी सगळ्यांना आत घेऊन दुसऱ्या रांगेत बसवलं. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे. त्यामुळे सगळ्यांनी फार आदराने पाणी विचारलं. पाठोपाठ एसटीने आलेल्या सरदारबी आणि करिश्माही तिथेच येऊन टेकल्या.

स्टेजवर करा हातात घेऊन उभ्या असलेल्या स्नेहलने समोर पाहिलं. तिच्या आयुष्यातला सगळा लपवलेला ऐवज दुसऱ्या रांगेत ओळीने बसला होता, आणि मधोमध, फेटा बांधून, पाचगणी.

"हे कोण? आन् मल्हार हितं कसा?" साखरबाई हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाल्या.

"येतील आणि जातील," स्नेहल पुटपुटली. "तू बघू नको तिकडं."

जातील कसे? मुहूर्त टळून गेला होता आणि माइकवर पुढाऱ्यांचे आशीर्वाद चालू होते. कारखान्याचे आजी संचालक झाले, माजी झाले, भावी राहिले होते. मेहकची जेवायची वेळ झाली. रुपालीने तिच्यासाठी पंगतीच्या ताटातली पोळी आधीच मागून आणली, त्यावरून वाढपी तिच्याशी भांडला, भांडण ऐकून करिश्मा वाढप्याला चावली. तो वधूच्या गावचा निघाला. "कुणाची पोरगी ही?" असा आवाज उठला. दोन्ही बाजूंनी एकदम "आमची नाही" असं उत्तर आलं. लग्नात दोन्ही पक्षांचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

शेवटी मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला, आणि फोटोवाल्याने लखलखणारे दिवे सुरू केले. पहिल्या रांगेत बसलेली अफरीन एकदम ताठ झाली आणि खुर्चीवरून खाली घसरली.

"फिट! फिट!" "कांदा आणा!" "चप्पल हुंगवा तिला!" अर्धा मांडव उठला. चपला हातात घेऊन माणसं धावली.

स्नेहलने करा खाली ठेवायला हात वाकवला. तिचं कोपर साखरबाईंनी पकडलं.

"करा खाली ठिवायचा न्हाई. अपशकुन असतोय. आन् ती कोण लागती आपली?"

स्नेहल थांबली. फार नाही, एक श्वासभर. पण थांबली. आणि तेवढ्यात तिच्यासमोरून मुंडावळ्या उडवत नवरी गेली.

हर्षदा स्टेजवरून उतरली, गर्दीत घुसली, एकाच्या हातातली चप्पल तिने त्याच्याच अंगावर फेकली. अफरीनला कुशीवर वळवलं, आपला शेला गुंडाळून डोक्याखाली घातला, गळ्याचं बटण सैल केलं. "तोंडात काही घालायचं नाही! मागं सरका, हवा येऊ द्या," असं म्हणून ती घड्याळाकडे बघत शांत बसली. सरदारबी शेजारी येऊन बसल्या. त्या दोघी दोन जुन्या सुईणी बसाव्यात तशा बसल्या होत्या.

"नर्सिंगचा कोर्स केलाय तिनं," नवरीची आई रंभाबाई मोठ्याने म्हणाल्या. जरा जास्तच मोठ्याने.

"बघा, कशी गुणाची सून मिळाली!" साखरबाईंनी लगेच आवाज चढवला.

पण या गोंधळात मल्हारचा फेटा सुटला होता. हलगी, आरडाओरडा, माइकची शिट्टी, सगळं एकदम त्याच्या कानांत शिरलं आणि त्याने सूर लावला. मांडव गपकन शांत झाला. मल्हार धावत सुटला. स्नेहल स्टेजवर, हातात करा. तो आपल्याकडे येणार, पदराला धरणार, आणि संपलं. तो स्टेजच्या पायरीपर्यंत आला, वळला, आणि महबूबच्या छातीवर जाऊन आदळला. महबूबने त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"ह्या टेंपोवाल्याचं हाय वाटतं," रंभाबाई म्हणाल्या.

"व्हय, त्याचंच," साखरबाई म्हणाल्या. "बिचारा." मल्हारला ओळखणारे नातेवाईक नेमके त्याच वेळी मांडवाच्या छताकडे बघू लागले.

मग त्या स्नेहलच्या कानाशी आल्या. "देवानं लाज राखली बघ."

स्नेहल करा सरळ धरून उभी राहिली. तिला उभं राहायचं होतं, अगदी तसंच.

अफरीन शुद्धीवर आली. सरदारबींनी तिला टेंपोत नेऊन झोपवलं. जाता जाता स्नेहलने बटव्यातले हेडफोन गुपचूप त्यांच्या हातात सरकवले. मल्हार केबिनमध्ये शिरला, हेडफोन चढवून टॉर्चशी खेळू लागला. पंगती बसल्या. साखरबाईंनी लेकीला नवरीला घेऊन यायला पाठवलं.

स्नेहलने खोलीचं दार ढकललं. हर्षदा खिडकीकडे तोंड करून गोळी गिळत होती. टेबलावरची पट्टी स्नेहलच्या ओळखीची होती. तसलीच पट्टी आज सकाळपासून अफरीनसाठी तिच्या बटव्यात होती.

"ताई, दार लावून घ्या," हर्षदा वळून म्हणाली. घाबरलेली नव्हती. दमलेली होती. "बरीच वर्षं आली नाही मला. पण गोळी घ्यावी लागते."

"सत्यजीतला?"

"माहीत नाही. आधीचं एक ठरलेलं मोडलं, सांगितल्यामुळं. म्हणून या वेळी आई म्हणाली, गप बस." तिने पट्टी पर्समध्ये खोल खुपसली. "तो फेटेवाला मुलगा तुमचा ना?"

स्नेहलने दाराची कडी पुन्हा चाचपली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सगळे त्या मुलीकडं बघत होते. तुम्ही एकट्याच त्याच्याकडं बघत होतात."

स्नेहल खुर्चीवर बसली. बाहेर कुणीतरी जिलबी ओरडून मागत होतं.

"मी त्याला हाक नाही मारली," ती म्हणाली.

"हो," हर्षदा म्हणाली. उगीच समजूत घालायच्या भानगडीत ती पडली नाही.

दारावर थाप पडली. "आगं, चला की! फोटो काढायचाय. फकस्त घरातली मानसं!" साखरबाई आणि रंभाबाई एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या होत्या. दोघींच्या चेहऱ्यावर, समोरच्याला बरोबर बनवलं, याचं समाधान होतं.

स्टेजवर दोन्ही घरं ओळीने उभी राहिली. महबूबचा टेंपो कार्यालयाच्या गेटातून बाहेर पडत होता. स्नेहलला तो मागच्या बाजूने, आरशासकट, स्पष्ट दिसत होता.

"विहीणबाई, एक सांगू का?" साखरबाई कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या. "इतकं निरोगी घर शोधून सापडत न्हाई हो आजकाल."

"आम्हीपण तेच बघून पोरगी दिली," रंभाबाई म्हणाल्या.

स्नेहल हसली. तिला आवरेना. शेजारी हर्षदाने ओठ दाबून पाहिले, मग तीही फुटली. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या, आणि फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं.

फोटो फार चांगला आला. दोन्ही घरांनी तो मोठा करून भिंतीवर लावला आहे. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, या नणंद-भावजया कशाला एवढ्या हसतायत? आणि साखरबाई दर वेळी कौतुकाने सांगतात, "सुखाचं घर हाय आमचं. दुसरं काय!"