सव्वादोन मापाच्या काकणांची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. केडगाव मुक्कामी काकणांची जी मोहीम जाहली, तिचे वर्तमान पदरचे न घालिता लिहितो. ऐकणारांनी बोटे मोडीत न बसता सावधान ऐकावे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद मास. अखंडित-लक्ष्मी-अलंकृत, खडू-फळा-धुरंधर, अंबिकाबाई मास्तरीण यांस आमवात नामे गनिमाने दोन साले हैराण केले होते. गनीम परमुलखाचा नव्हे. अंगचीच फौज फितूर होऊन सांध्यांवर चालून येई, आणि रोज पहाटे बोटांचे सगळे किल्ले बंद करून बसे, मग ऊन वर येऊन दुसरा चहा जाहला म्हणजे कोठे दरवाजे किलकिले होत.

त्यात गौरींचे सणास कासारीण लंकाबाई भिंगाराहून दाखल जाहली, आणि सव्वादोनची हिरवी काकणे बोटांच्या मुळाशी सुजलेल्या घाटात जी अडली ती हलेनात, मग अडीचचीही तेथेच अडली. लंकाबाईने अर्ज केला, "बाई, पलाष्टिकच्या घ्या की. लगनात कोन बघतंय?" अर्ज नामंजूर जाहला. सबब अशी की कन्या अपूर्वा यांचे लग्न मार्गशीर्षी ठरलेले, आणि आई घरात कोठे आहे हे अपूर्वा लहानपणापासून काचेच्या आवाजावरून ओळखीत, आणि दोन साले घर मुके होते. पोरीला मुक्या घरातून सासरी पाठवायचे, या विचाराने बाईसाहेब मोरीत नळ सोडून रडल्या. ही खबर जासुदांसही लागली नाही.

मग हॉलमध्ये मसलत बसली. यजमान शामकांतराव यांनी निर्गुडीचा पाला, एरंडेल आणि मोबाईलवर आलेले यच्चयावत उपाय मांडिले. सोनईच्या वन्संनी दोऱ्याने बांधलेली बिननावाची पुडी पुढे करून ग्वाही दिली, "वहिनी, आठ दिवसांत सूज खलास." नगरच्या डॉक्टरीणबाईंचे फर्मान याचे उलट: गोळी आठवड्यातून एकच वार, वेळोवेळी रक्ताची तपासणी, गुण यावयास दोन-तीन महिने, आणि जिच्यात काय आहे हे देणारासही ठाऊक नाही ती पुडी तोंडात घालू नये. शामकांतरावांनी गोळीने लिव्हर बिघडण्याचे भय घातले. स्वतःच्या लिव्हरची त्यांनी आजवर चौकशी केल्याचे ऐकिवात नाही.

आठ दिवस एकीकडे, तीन महिने दुसरीकडे, आणि लग्न तोंडावर. बाईसाहेबांचे मन पुडीकडे ढळले. एके पहाटे त्या पुडी घेऊन खाशा ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि गनिमाने बोटे ऐशी धरून ठेविली की दोऱ्याची गाठ सुटेना. चहा उकळेपर्यंत झटापट चालली, आणि तेवढ्या अवधीत विचार आला. पुडी गाठीसकट परत गेली आणि निरोप गेला, "वन्सं, मला हात लग्नापुरते नकोत. नंतरही लागणार आहेत."

मग रविवारची गोळी सुरू जाहली, आणि सोमवारी मळमळीने छापे घातले, आणि आश्विनात काडीचाही फरक दिसेना, तेव्हा बाईसाहेबांनी डॉक्टरीणबाईंस, वन्संस आणि गोळीस मनातून नाही नाही ते ऐकविले, परंतु रविवार चुकविला नाही. कार्तिकात एके सकाळी दुधाची पिशवी दातांविना फाडिली, तेव्हा शामकांतराव बघतच राहिले.

चुड्याचे दिवशी लंकाबाईने साबणाचा फेस करून हात दाबिला आणि म्हणाली, "बाई, हात ढिला सोडा, आवळून धरू नका." सव्वादोनची फौज घाटास भिडली, डावा हात भरला, मग उजवा भरला, एक काकण घाटात कामी आले. बाईसाहेबांनी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पातेले घासावयास घेतले, आणि आतल्या खोलीतून अपूर्वाची हाक आली, "आई, ओट्याशी आहेस ना गं?" बाईसाहेबांनी पातेले जोराने घासून उत्तर रवाना केले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. उजवा अंगठा अद्याप गनिमाकडेच आहे, सबब रविवारची चौकी उठवू नये, असा हुकूम. आई घरात ऐकू येते, एवढे दप्तरी दाखल करून लेखणी ठेविली.