सोपानरावांची बिनलायसनची गाडी

सोपानराव ढमाल्यांचं जगात कुणाशीच दुमत नव्हतं, आणि आमच्या ऑफिसला त्याचाच ताप होता. एकानं म्हणावं आज पाऊस येणार, दुसऱ्यानं म्हणावं नाही येणार. सोपानराव दोघांकडे बघून मान डोलावणार. "तुमचंबी खरं हाय, आन् त्येंचंबी खरं हाय." आणि संध्याकाळी मिटलेली छत्री हातात धरून भिजत घरी जाणार.

मी मूळचा लातूरकडचा. बावधनला एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचो. सोपानराव तिथलं स्टोअर सांभाळायचे. मुळशीतल्या माले गावाहून रोज मोटरसायकलवर, पिरंगुटचा घाट ओलांडून यायचे. वय पन्नाशीचं. तेव्हा बॅटरीवरच्या गाड्या नव्यानं दिसू लागल्या होत्या. एके दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"साहेब, बॅटरीची गाडी चढ चढती का ओ?"

त्यांची मोटरसायकल ठणठणीत होती. तरी मी दोन दिवस खपून चौकशी केली. गाड्या दोन तऱ्हेच्या निघाल्या. एक हलकी, चालवायला लायसन नको, पण जोर बेताचा. दुसरी दमदार, पण तिला लायसन हवंच. मी कागदावर घाट काढला, माले ते बावधन अंतर लिहिलं आणि म्हटलं, "तुम्हाला दमदारच पाहिजे. लायसन तर आहेच तुमच्याकडे."

"तुमचं खरं हाय," सोपानराव म्हणाले. "आन् चार किलोमीटरच जायचं आसंल तर?"

"चार किलोमीटरवर तुमचं ऑफिस आहे का?"

"तेबी खरं हाय."

पुढचे तीन महिने त्यांनी प्रत्येकाला विचारलं. अकाउंटंट म्हणाला घ्या. ड्रायव्हर म्हणाला चुकूनही घेऊ नका. चहावाल्यानं विचारलं, तुमच्याकडे लाईट अर्धा दिवस नसते, चार्ज कशावर करणार? सोपानरावांना तिघांचंही पटलं. शेवटी मीच त्यांना एका शनिवारी शोरूमला नेलं, म्हणजे एकदाचा निकाल लागेल.

विक्रेता मुलगा चटपटीत होता. सोपानरावांनी त्याला विचारलं, "भिणाऱ्या माणसाला जमंल का?" मुलगा गोंधळला. मीही गोंधळलो. घाटात रोज ट्रकला मागं टाकणारा हा माणूस कशाला भितोय? मग आम्ही दोघं हलकी गाडी घेऊन चांदणी चौकाच्या चढाला लागलो. निम्म्यावर तिचा वेग इतका मंदावला की भाजीची पाटी घेतलेली एक बाई आम्हाला मागं टाकून गेली. जाता जाता "उतरा की एकजण" असंही म्हणाली. मी उतरलो. गाडी कण्हत दहा पावलं गेली आणि थांबली.

"बघितलंत?" मी म्हणालो.

सोपानरावांनी गाडीवरून मायेनं हात फिरवला. "गाडी चांगलीच हाय, साहेब. चढच जरा आडमुठा हाय."

आणि त्यांनी तीच गाडी घेतली! उभ्या ऑफिसनं कपाळावर हात मारला. सोमवारी सगळे खिडकीत उभे राहून वाट बघत होतो. सोपानराव नेहमीसारखे मोटरसायकलवर आले.

"नवी कुठाय?"

"घरी हाय."

"बिघडली?"

"न्हाई की. लई झ्याक चालती."

म्हणजे न चढणारी गाडी घ्यायची, घरी ठेवायची आणि वर खूश राहायचं. मी विचार करणं सोडून दिलं.

महिन्याभरानं मालेजवळच्या एका प्लॉटच्या मोजणीसाठी मला सकाळीच तिकडे जावं लागलं. गावामागच्या डोंगरावर एक रिसॉर्ट झालं होतं. त्या वाटेच्या चढावर समोर जे चाललं होतं ते बघून मी गाडी बाजूला घेतली.

पुढे ती बॅटरीची गाडी. तिच्यावर नऊवारीतल्या एक बाई, हँडल घट्ट धरून, नजर सरळ. मागे मोटरसायकलवर सोपानराव. त्यांनी डावा पाय लांब करून पुढच्या गाडीच्या पायदानाला लावला होता आणि तिला चढ चढवत होते.

चढ संपला तसा त्यांनी पाय काढून घेतला. बाई सपाटीवरून निघून गेल्या. मी जवळ गेलो.

"वहिनी?"

"व्हय. वर हाटेलात भाकरी थापायला जाती. चार किलोमीटर हाय. चालून चालून गुडघं सुजलं व्हतं. लायसनसाठी आरटीओत सायबापुढं गाडीवर आठाचा आकडा काढ म्हनलं तर रडाय लागली. मग ही बिनलायसनचीच घिऊन दिली."

"अहो, पण रोज ढकलत आणताच, तर मोटरसायकलवर मागं बसवून का नाही आणत?"

या वेळी सोपानराव 'तुमचंबी खरं हाय' म्हणाले नाहीत.

"मागं बसूनच गेली की जलम सारा. माहेरला जायचं तर माझी सुट्टी बगायची. तिचा बाप शेवटच्या घटका मोजत व्हता, तवा मी स्टोअरात माल उतरून घेत व्हतो. निरोप गावला, पर लगीच निघालो न्हाई. म्हनलं, यवडा ट्रक रिकामा करून जाऊ. ती लुगडं बदलून दारात उबी. यष्टी गेलेली. आमी पोचलो तवा समदं आटपलं व्हतं. त्यावरनं मला एक शब्द बोलली न्हाई. आजूनबी न्हाई."

दूर वळणावर ती गाडी आता ठिपक्याएवढी दिसत होती.

"सावकाश गं!" सोपानराव एकदम ओरडले.

बाईंनी वळून पाहिलं नाही. उलट वळणावर वेग थोडा वाढवलाच, आणि दिसेनाशा झाल्या.

"आयकलं न्हाई बगा," ते म्हणाले. मग मोटरसायकल वळवली आणि तोंडभर हसत, तीस किलोमीटरवरच्या ऑफिसला निघाले.