अश्रूंचा उगम इतरत्र शोधावा

चिरताना डोळ्यांत पाणी न आणणारा कांदा संस्थेने अखेर तयार केला, तेव्हा त्यापायी एका माणसाचे अर्धे आयुष्य खर्ची पडलेले होते. या माणसाला संस्थेत सगळे कांदेसाहेब म्हणत. त्यांना आडनाव होते, पण ते पगारपत्रकापुरतेच उरले होते. कांदा कापला की एक द्रव्य हवेत उडते आणि कापणाऱ्याच्या डोळ्यांना झोंबते. हे द्रव्य ज्या जनुकाच्या हुकमाने बनते ते जनुक कांदेसाहेबांनी हेरले, त्याचे तोंड कायमचे बंद केले आणि बाकीचा कांदा होता तसाच ठेवला. रंग तोच, चव तीच, तेलात परतल्यावरचा वासही तोच. वाणाचे नाव ठेवले ‘निरश्रू’.

प्रयोगशाळेतल्या सगळ्या कसोट्यांना निरश्रू उतरला. उरली होती फक्त घरगुती चाचणी. वाण बाजारात जाण्यापूर्वी तो काही निवडक घरांत रोजच्या स्वयंपाकात वापरून पाहावा, आणि चिरणाऱ्या व्यक्तीच्या खालच्या पापणीला कागदाची बारीक पट्टी अडकवून ती किती भिजते ते मोजावे, असा नियम होता. कांदेसाहेबांनी त्यांत एक घर स्वतःचेच सुचवले. संचालकांना हे फार आवडले. आपल्या मालावर असा विश्वास पाहिजे, असे ते भर सभेत म्हणाले.

कांदेसाहेबांच्या घरी तीन माणसे: ते स्वतः, त्यांची आई आणि बायको. कांदा बायको चिरत असे. हे वेगळे सांगायला नको, तरी अहवालात तशी नोंद होती.

ठरलेल्या दिवशी संस्थेच्या निरीक्षक बाई आल्या, ओट्याजवळ स्टूल ओढून बसल्या, आणि कांदेसाहेबांच्या बायकोच्या डोळ्यांना त्यांनी पट्ट्या लावल्या. बायकोने सुरी घेतली आणि चिरायला सुरुवात केली. पहिल्या कांद्याला दोन्ही पट्ट्या टोकापर्यंत भिजल्या. बाईंनी दुसऱ्या लावल्या, त्याही भिजल्या. तिसऱ्या लावण्याआधी बाईंनी पट्ट्यांच्या पाकिटावरची तारीख तपासून पाहिली, कारण बाकीच्या सगळ्या घरांत पट्ट्या कोरड्या ठणठणीत निघाल्या होत्या आणि हे घर साहेबांचे होते.

“आणखी चिरू का?” बायकोने नेहमीच्या आवाजात विचारले. “आम्हा तिघांना एवढा पुरतो.”

बातमी संस्थेत वाऱ्यासारखी पसरली. ज्याच्या घरातच कांदा रडवतो तो जगाला काय हसवणार, असे लेखा विभागातले लोक बोलू लागले. कांदेसाहेबांचा पहिला संशय भेसळीवर गेला. त्यांनी घरातली टोपली जप्त करून प्रयोगशाळेत नेली आणि एकेका कांद्याची जनुके तपासली. सगळे कांदे अस्सल निरश्रू निघाले. मग सुरी बदलली. मग ओट्यावरचा साबण बदलला. मग गॅसची नळी तपासायला माणूस आला आणि नळी चांगली असल्याचे सांगून, आलोच आहे तर म्हणून, बदलून गेला. पट्ट्या भिजतच राहिल्या.

कांदेसाहेबांच्या आईला यात आश्चर्य वाटण्यासारखे काही दिसले नाही. सुनेचे हे नेहमीचेच आहे, कांदा चिरायला उभी राहिली की लवकर संपवत नाही, असे त्यांनी निरीक्षक बाईंना चहा देता देता सांगितले. बाईंनी ते टिपून घेतले आणि ‘चिरण्याचा वेग’ असा एक नवा रकाना वाढवला.

कांद्यात दोष नाही म्हटल्यावर तो डोळ्यांत असणार, हे ओघानेच आले. नेत्रतज्ज्ञांनी तिच्या अश्रुग्रंथींची तपासणी केली आणि ग्रंथी उत्तम स्थितीत असून वापर मात्र सरासरीपेक्षा जास्त असल्याचा दाखला दिला. डोळे निर्दोष ठरल्यावर संशय जनुकांवर आला. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून तिचा नमुना घेतला गेला. संमतीपत्रावर कुटुंबप्रमुख म्हणून कांदेसाहेबांनीच सही केली, त्यामुळे तिचा वेळ वाचला. जनुकांतही काही सापडले नाही.

शेवटी एका तरबेज संशोधकाने सुचवले की, तुलनेसाठी तिला दुसरे काहीतरी चिरायला द्यावे. बटाटा दिला. बटाटा चिरतानाही पट्ट्या भिजल्या. काकडीला थोड्या कमी भिजल्या, पण भिजल्या. खरे तर इथे कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, आणि तो संचालकांच्या डोक्यात पडला. कांद्यातले ते जनुक बटाट्यातही सुप्तावस्थेत असावे, असा त्यांनी तर्क मांडला आणि न रडवणाऱ्या बटाट्याचा पंचवार्षिक प्रस्ताव त्याच आठवड्यात वर पाठवला. तो मंजूरही झाला.

निरश्रूचा निकाल मात्र लागत नव्हता. म्हणून समिती बसली. समितीत संचालक, नेत्रतज्ज्ञ आणि एक संख्याशास्त्रज्ञ होते. कांदेसाहेब भिंतीकडेच्या खुर्चीवर, आणि समोर त्यांची बायको. कागदोपत्री तिला ‘चाचणीपात्र व्यक्ती’ म्हटले होते. तिच्यासमोर सगळे अहवाल वाचून झाले. उठता उठता नेत्रतज्ज्ञांनी, आजाऱ्याला विचारायची सवय असते म्हणून, विचारले, “चिरताना तुम्हाला नक्की होतं काय?”

“आई आठवते,” ती म्हणाली.

समिती पुन्हा बसली.

तिची आई गेल्या थंडीत गेली होती. माहेर दिवसभराच्या अंतरावर. ती पोहोचली, सगळे उरकले आणि दुसऱ्याच दिवशी परतली, कारण त्याच आठवड्यात प्रकल्पाचा आढावा घ्यायला वरून मंडळी आली होती आणि त्यांचे जेवण कांदेसाहेबांच्या घरी ठरले होते. हे तिने काही तक्रार म्हणून सांगितले नाही. विचारले म्हणून सांगितले.

“पाहुण्यांसमोर रडणं बरं दिसत नाही,” ती म्हणाली. “ते गेल्यावर रडले असते, पण मग घर आवरायचं होतं. नंतर रडायला काही कारणच उरलं नाही, दिवस उलटून गेले होते. कांदा चिरताना मात्र कुणी काही विचारत नाही.”

संचालकांना ते जेवण आठवले. “उत्तम होतं हो जेवण,” ते मनापासून म्हणाले.

संख्याशास्त्रज्ञांनी चष्मा पुसला. “म्हणजे या पाण्याचा कांद्याशी संबंध नाही?”

“नाही.”

समितीने सुटकेचा निःश्वास सोडला. निष्कर्ष तिथल्या तिथे लिहिला गेला: कांदा निर्दोष. चाचणीपात्र व्यक्तीस आई होती, सध्या नाही. सबब हे घर अपवाद समजून आकडेवारीतून वगळावे.

घरी परतताना कांदेसाहेब गाडीत बायकोशेजारी बसले होते. बायकोने चारचौघांत घरातले बोलावे याचे त्यांना वाईट वाटले होते, आणि आपल्याला ते माहीत नसावे याचे त्याहून. “मला तरी सांगायचं होतंस,” ते म्हणाले.

“आले होते सांगायला. हातात सुरी तशीच होती. तुम्ही म्हणालात, खिडकी उघडून चिरत जा.”

कांदेसाहेबांना ते आठवले. द्रव्य हवेत उडते, वारा खेळता असला की कमी झोंबते. सल्ला शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होता. ते काहीतरी बोलणार होते, एवढ्यात संचालकांचा फोन आला. निरश्रूला परवानगी मिळाली होती.

निरश्रू बाजारात आला आणि त्याचा गाजावाजा झाला. कांदेसाहेबांना पदक मिळाले. अश्रुमुक्त स्वयंपाकघर, असे त्यांच्या फोटोखाली छापून आले. पहिला महिना कौतुकात गेला. दुसऱ्यापासून तक्रारी सुरू झाल्या.

तुमचा कांदा बोगस आहे, आमच्या घरात चिरणारी अजून रडते, असे शेकडो लोकांनी कळवले. तक्रार करणाऱ्यांत स्वतः चिरणारे कुणी नव्हते. नवरे होते, सासवा होत्या, एका वसतिगृहाच्या अधीक्षक होत्या. एका खानावळवाल्याचे दोन आचारी रडत होते, आणि त्यांतला एक तर भात शिजवणारा होता. प्रत्येक घरी माणूस पाठवून पट्ट्या लावणे संस्थेला शक्य नव्हते. तेव्हा कांदेसाहेबांनीच मसुदा केला आणि संस्थेने सर्वांना एकच उत्तर धाडले: कांदा निर्दोष आहे. अश्रूंचा उगम इतरत्र शोधावा.

या एका वाक्याने घात केला. लोक आज्ञाधारक असतात. काहींनी खरोखरच शोधायला घेतले. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी स्वयंपाकीण बाईंना कारण विचारले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच राजीनामा दिला. खानावळवाल्याने आचाऱ्यांना विचारले आणि खानावळ आठवडाभर बंद राहिली. एका बँक अधिकाऱ्याने लिहिले, आपल्या पत्रानुसार मी पत्नीस कारण विचारले. ते पूर्ण ऐकण्यासाठी मला तीन दिवस रजा टाकावी लागली आणि अद्याप आम्ही लग्नाच्या दुसऱ्याच वर्षापर्यंत आलो आहोत. उरलेल्या रजेची व्यवस्था संस्थेने करावी.

मग मात्र समाज खडबडून जागा झाला. जुना कांदा परत आणा, अशी मागणी सुरू झाली. सह्यांचे अर्ज फिरू लागले. कांदेसाहेबांच्या घरी अर्ज आला तेव्हा आईने चष्मा शोधून सावकाश सही केली.

“आई, तूसुद्धा?” कांदेसाहेब म्हणाले.

“मी माझा सगळा संसार जुन्या कांद्यावर निभावला,” आई म्हणाल्या. “तुझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. सुखाने गेले.”

निरश्रूची परवानगी कौटुंबिक स्वास्थ्याच्या कारणास्तव रद्द झाली. त्याच बैठकीत संस्थेकडे नवे काम सोपवण्यात आले. दुप्पट झोंबणारा कांदा करायचा. तो इतका झोंबला पाहिजे की एकाने चिरला तरी घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यावे, म्हणजे कुणी एक वेगळे दिसणार नाही. हे काम कांदेसाहेबांनाच द्यायचे ठरले, कारण ते जनुक बंद करणाऱ्यालाच ते नीट उघडता येणार.

“त्यापेक्षा लोकांनी एकमेकांना विचारलं तर?” कांदेसाहेब चाचरत म्हणाले.

“ते आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही,” संचालक म्हणाले. “आपली जैवतंत्रज्ञान संस्था आहे.”

त्या संध्याकाळी कांदेसाहेब घरी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. बायको घरातले शेवटचे निरश्रू चिरत होती. ते स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, “तुझ्या आईबद्दल सांग ना काहीतरी.”

तिने सुरी थांबवून त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरलेला होता; निदान त्या वेळी त्यांना ऐकायचे होते. पण गॅसवर तिची कढई तापली होती, आणि इतक्या दिवसांनी कुठून सुरू करायचे हे तिलाही सुचले नसावे.

“आता नको,” ती म्हणाली. “जुना कांदा येणारच आहे ना परत.”

कांदेसाहेबांना हायसे वाटले. हायसे वाटल्याची थोडी लाजही वाटली, पण ती सकाळपर्यंत टिकली नाही. सकाळी त्यांनी नव्या कामाच्या आदेशावर सही केली.

दुप्पट झोंबणारा तो कांदा आता सगळीकडे मिळतो. दिसायला साध्या कांद्यासारखाच असल्याने आपल्याही घरी आलेला असेल. हे वाचत असताना आतल्या खोलीतून कुणी नाक ओढल्याचा आवाज आला, तर जागचे उठण्याचे कारण नाही. कांदा प्रमाणित आहे.