क-तीसची पावलं

आमच्या घरात एम.एस्सी. झालेलं माणूस मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ती माझी बायको, पूनम. मी दौंडला एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. वीस वर्षं बसतो आहे. (बसण्यातलं माझं कौशल्य कुणीही नाकारणार नाही. पुढचा सगळा घोटाळा मी त्यातून उठायला गेलो म्हणून झाला.)

पूनम नर्सिंगच्या शाळेत शिकवायची. तिथल्या प्राचार्यबाई दोन हजार तीनच्या जुलैत निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या जागेसाठी एम.एस्सी. लागत होतं. म्हणून तिनं सदतिसाव्या वर्षी पुण्याच्या एका कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षं गाडीनं जाऊन-येऊन लेक्चरं केली, परीक्षा दिल्या. उरलं ते प्रोजेक्ट. माणूस दिवसाला किती पावलं चालतो आणि त्याच्या रक्तात साखर किती निघते, असा विषय होता. तीन गट, प्रत्येकी तीस माणसं. 'अ' गटात कुरकुंभच्या अलीकडच्या वस्तीवरची मेंढरं राखणारी आणि शेती करणारी मंडळी, 'ब' गटात कारखान्यातले पाळीवाले, आणि 'क' गटात टेबलावर काम करणारे. क म्हणजे कारकून असं मी धरून चाललो होतो. तसं काही नव्हतं, पण माझं फारसं चुकलंही नव्हतं.

पावलं मोजायला कॉलेजनं बारा यंत्रं दिली होती. पेडोमीटर म्हणतात त्याला. काड्यापेटीएवढं यंत्र कमरेला अडकवायचं, माणूस चालला की आत आकडा पुढं सरकतो. एकेका माणसानं सात दिवस लावायचं, रोज संध्याकाळी पूनम आकडा वहीत उतरवणार आणि यंत्र शून्यावर आणणार. वस्तीवर हे काम तिनं तिथल्या अंगणवाडीताईंना शिकवून ठेवलं होतं.

मार्चमध्ये 'क' गटातला तिसावा माणूस बदली होऊन शिरूरला गेला. पूनम दोन दिवस माणूस शोधत होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मी म्हणालो, "मी आहे की." तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. नवऱ्याला घेणं बरं दिसेल का, हे तिनं फोन करून तिच्या गाइड डॉ. नगरकर मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, नियमात बसतंय, प्रबंधात नाव न येता फक्त नंबर येतो, घ्या. अशा रीतीनं मी क-तीस झालो. उपाशीपोटी रक्त दिलं, साखर एकशेअठरा निघाली. (पूनम "हं" म्हणाली. नर्सबाईंच्या "हं"मध्ये बरंच काही असतं.) माझ्या कमरेला सात नंबरचं यंत्र लागलं.

पहिल्या संध्याकाळी आकडा आला अकराशे चाळीस. पूनमनं तो वहीत लिहून घेतला. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी वही चाळली. आमच्या कचेरीतला शिपाई खंडू नऊ हजार. आमचे हेडक्लार्क, ज्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, ते तीन हजार आठशे. सगळ्या वहीत माझ्या खाली कुणी नव्हतं. सगळ्यात वर वस्तीवरच्या अ-सतरा होत्या, साखरबाई, वय साठ. त्यांचा रोजचा आकडा बावीस-तेवीस हजार. नाव साखरबाई आणि रक्तातली साखर ब्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी मी खरंच चालायचं ठरवून लवकर निघालो. स्टेशनच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि चहा घेऊन परत आलो. येताना शेजारच्या गिताबाईंच्या दारात उभा राहिलो. गिताबाई ब्लाउज शिवायच्या. दारात पायाचं मशीन, आणि त्यांचा पाय मशीनच्या पायट्यावर सारखा खालीवर, खालीवर. माझ्या डोक्यात जे आलं ते मी तिथल्या तिथं मनातून काढायला हवं होतं. मी काढलं ते कमरेचं यंत्र.

गिताबाईंना मी सांगितलं की, पूनमच्या अभ्यासाचंच काम आहे, हे दिवसभर पायट्याला राहू दे. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. शॉक तर न्हाई ना बसत?" बसत नाही म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. संध्याकाळी पूनम यायच्या आधी यंत्र काढून मी पुन्हा कमरेला लावलं. आकडा सहा हजार दोनशे. पूनमनं तो दोनदा पाहिला आणि जेवताना न मागता मला दुसऱ्यांदा मटकीची उसळ वाढली. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

पण लग्नसराई लागली. एका नवरीकडच्या एकवीस बायकांचे ब्लाउज गिताबाईंकडं एकदम आले, आणि त्या पायट्यावरून उठेनात. चौथ्या दिवशी आकडा सोळा हजार. सहाव्या दिवशी चोवीस हजार तीनशे दहा. त्या दिवशी मी दुपारीच यंत्र काढून आणायचं म्हणून कचेरीतून सटकणार होतो, तेवढ्यात साहेबांनी फाइल मागितली. पूनमनं विचारलं, कुठं एवढं चाललात? मी म्हणालो, कचेरीतच, मार्च एंड आहे. नर्सिंगच्या लोकांना मार्च एंड म्हणजे नक्की काय ते माहीत नसतं. तिनं लिहून घेतलं.

सातवा दिवस संपला, यंत्रं कपाटात गेली, सगळे आकडे पुण्याला गेले. आपलं काम झालं असं समजून मी पुन्हा बसायला लागलो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नगरकर मॅडम स्वतः दौंडला आमच्या घरी आल्या. पांढरे केस, खादीची साडी, बोलणं मोजकं. पूनमनं वह्या मांडल्या, मी पोहे केले. मॅडम म्हणाल्या, नव्वद माणसांत दोन आकडे जुळत नाहीत, अ-सतरा आणि क-तीस. दोघांना यंत्र एकच होतं, सात नंबरचं. साठ वर्षांच्या बाईंची रोजची बावीस हजार पावलं त्यांना पटत नव्हती. यंत्र मेंढीच्या गळ्यात बांधलं असेल, असं त्या आधी धरून चालल्या होत्या. पण मग क-तीसचं काय? माझ्याकडं पाहून त्या म्हणाल्या, "हे शिकलेले आहेत, नोकरीत आहेत. हे कशाला खोटं सांगतील? त्याअर्थी यंत्रच खोटं आहे."

मी त्यांना आणखी पोहे वाढले.

यंत्र खोटं, तर ज्या ज्या माणसांना ते लावलं ती आठही माणसं रद्द. त्यातले तिघं कारखान्यातले कंत्राटी कामगार, कंत्राट संपवून बिहारला गेलेले. बदली माणसं घ्यायची तर कॉलेजच्या कमिटीची परवानगी लागणार, कमिटी बसणार जूनअखेर, आणि प्रबंध द्यायचा होता जूनअखेर. म्हणजे पुढची टर्म, म्हणजे सहा महिने, आणि तोवर प्राचार्यबाईंची खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी झालेली. हे सगळं मॅडम शांतपणे सांगत होत्या आणि पूनम मान हलवत होती. तिनं एकदाही तक्रार केली नाही. बोलायची ती वेळ होती. मी बशा उचलून आत नेल्या आणि घासल्या, स्वच्छ झाल्या तरी पुन्हा घासल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. पूनम म्हणाली, वस्तीवर जाऊन साखरबाईंना स्वतः सांगते, ते कागदावर कळवणं बरं नाही. मीही निघालो. (एकटं घरात बसवेना, एवढंच. माझ्या बाबतीत ही नवीन गोष्ट होती.) कुरकुंभच्या फाट्यापर्यंत जीप, पुढं पायी. वस्तीवर पोचलो तेव्हा साखरबाई मेंढरं वाघराच्या जाळीत घालून नुकत्याच टेकल्या होत्या. बारीक अंगाची, उन्हानं काळवंडलेली बाई. आम्हाला घोंगडी टाकली, पाणी दिलं.

पूनमनं जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं की यंत्र बिघडलं होतं, म्हणून तुमचा आकडा अभ्यासात धरता येत नाही. साखरबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी चालले न्हाई?"

"तसं नाही हो मावशी. यंत्रानं चुकीचं मोजलं."

"पुण्याच्या बाईंनी ईचारलं आसंल, म्हातारीनं मेंढीला बांधलं का म्हून."

पूनमनं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"मेंढीलाच बांधायचं तर सात दीस कमरंला कशापायी जपलं असतं?" साखरबाईंचा आवाज चढला नव्हता. "न्हातानी काढून म्होरं दगडावर ठिवलं, नजरंपुढं. नातू म्हनला, दे मला, पळतो त्येच्यासंगं. म्हनलं न्हाई, बाईनं माज्या भरवशावर दिलंय. तुमी खोडायचं तर खोडा. पर साखरबाई खोटं चालली, आसं नगा लिवू."

मी कचेरीत वीस वर्षं काढली आहेत. गप्प कुठं बसावं हे मला बऱ्यापैकी कळतं. तिथं गप्प बसता येईना.

"यंत्र चांगलं आहे," मी म्हणालो. "खोटं मी चाललो."

दोघी माझ्याकडं पाहायला लागल्या. मग मी सगळं सांगितलं. पायटा, गिताबाई, एकवीस ब्लाउज, मार्च एंड. सांगताना आणि साखरबाईंची माफी मागताना मी घोंगडीच्या काठाकडं पाहत होतो. संपल्यावर वर पाहिलं. पूनमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. साखरबाई पूनमला म्हणाल्या, "मंग त्या शिवनारनीची साखर तपासा. चालली तर ती हाय."

जीपमध्ये पूनम पुढं, ड्रायव्हरशेजारी बसली. दौंडला उतरल्यावर म्हणाली, "उद्या रजा टाका. मॅडमना भेटायला पुण्याला जायचंय. तुम्ही एकट्यानंच."

नगरकर मॅडमनी माझं सगळं बोलणं हात न हलवता ऐकून घेतलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पायटा एकदा खालीवर झाला की एक पाऊल पडतं, का दोन?" मला माहीत नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं कुठंतरी टिपून ठेवलं. मग म्हणाल्या, "माफी अ-सतराची मागायला हवी. तुम्ही मागितलीत. मी अजून मागितलेली नाही."

त्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. सात नंबरचं यंत्र साखरबाईंच्या कमरेला लावून मेंढरांमागं दोन तास त्यांच्याबरोबर चालल्या, तोंडानं पावलं मोजत. दोन तासांत फरक पडला एकवीस पावलांचा. "यंत्र खरं आहे. तुम्हीही. चूक माझी झाली," मॅडम साखरबाईंना म्हणाल्या. साखरबाई म्हणाल्या, "बसा, भाकरी खाऊन जावा." मॅडम दोन भाकरी जेवल्या. आठातली सात माणसं जागच्या जागी राहिली. राहिला प्रश्न माझा. एकोणतीस माणसांवर गट पुरा होत नव्हता, म्हणून मॅडमनी लेखी कळवलं: क-तीसनं सात दिवस पुन्हा यंत्र लावावं, देखरेखीखाली.

देखरेख गिताबाईंनी केली. पूनमच्या सांगण्यावरून त्यांनी माझ्या पँटींना कमरेजवळ आतून कप्पा शिवला. रोज सकाळी यंत्र त्यात घालून चार टाके मारायच्या, आणि संध्याकाळी ते टाके पूनम स्वतः उसवायची. सातही दिवस मी सकाळी पँटीसकट गिताबाईंच्या दारात उभा असायचो. गल्लीतल्या बायका पाणी भरायला त्याच वेळी यायच्या. सात दिवसांची सरासरी आली तेराशे बारा. नव्वद माणसांत सगळ्यात कमी. मॅडमनी कळवलं की आता हा आकडा विश्वासार्ह वाटतो.

जूनच्या सत्तावीस तारखेला प्रबंध गेला. तोंडी परीक्षा झाली, पूनम पास झाली, आणि जुलैत त्या खुर्चीवर बसली. मी पेढे वाटले. वस्तीवर साखरबाईंना पुडा द्यायला तीच गेली, चालत.

काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेली, सोनेरी अक्षरांची प्रत घरी आली तेव्हा मी हात धुऊन ती उघडली. इंग्रजी मला कामापुरतं येतं. पहिलं पान काढलं ते आभाराचं. नगरकर मॅडम होत्या. कॉलेज होतं. वस्तीवरची मंडळी, आणि साखरबाईंना तर वेगळी ओळ. कारखान्यातले कामगार होते, अंगणवाडीताई होत्या, टायपिस्ट होता, 'वेळोवेळी तांत्रिक मदत' केल्याबद्दल गिताबाई होत्या. मी पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं.

मी काही मनाला लावून घेणारा माणूस नाही. तरी संध्याकाळी पूनमला म्हणालोच, पोहे मी केले, आठवडाभर शिवून मी फिरलो, पुण्याला एकट्यानं जाऊन आलो, एवढ्या जाड पुस्तकात आपला कुठं उल्लेख नसावा?

"आहे की," ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "पान एक्क्याऐंशी. चांगला पाऊणभर पान आहे."

मी अधीरपणे एक्क्याऐंशीवं पान काढलं. वर ठळक अक्षरांत मथळा होता, 'लिमिटेशन्स ऑफ द स्टडी'. म्हणजे, अभ्यासाच्या मर्यादा.