हात न लावण्याची योजना

डोंगरावरची खाण बंद पडली तेव्हा माणसं निघून गेली, पाणी मात्र काम सोडायला तयार नव्हतं. ते लाल, आंबट पाणी झिरपत खालच्या तलावात उतरलं. मासोळ्या पोट वर करून तरंगू लागल्या. तलावावरच जिचं घर चालायचं, त्या शकुनबाईचं सुती जाळं ओल्या कागदासारखं हातात तुटून आलं.

तिनं भंडाऱ्याच्या कचेरीत इतक्या फेऱ्या मारल्या, की एसटीचा कंडक्टर तिला साहेबांची तब्येत विचारू लागला. अखेर १९८६ साली त्या कचेरीतले भोजराज साहेब गावात आले. त्यांच्याकडे परदेशातली नवी पद्धत होती. पाणी चुनखडीच्या दगडांच्या चरातून सोडायचं, आंबटपणा मरतो. पुढे पाणकणसाच्या दलदलीत लोखंडाचा गाळ बसतो. यंत्र नको, वीज नको. खात्यानं नाव दिलं 'निष्क्रिय जलशुद्धीकरण योजना'. ते वाचून खात्यातल्या प्रत्येकाला आपण याचसाठी जन्मलो असं वाटलं.

नवल म्हणजे योजना चालली. पाणी निवळलं, मासोळ्यांची पिल्लं तगली. शकुनबाईनं साहेबांना तळलेला रोहू खाऊ घातला.

पुढल्या पावसाळ्यानंतर मात्र दगडांवर गंजाचं जाड कवच चढलं. पाणी वरून जाई, चुन्याशी त्याची गाठच पडेना. तलाव पुन्हा लाल होऊ लागला. शकुनबाई कचेरीत गेली.

"साहेब, गोट्यायले जंग चढला जी. खरडून उलटे करा लागते."

"बाई, योजना निष्क्रिय आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "हात लावला की सक्रिय होते. सक्रिय योजनांचं खातं नागपूरला."

"मंग नागपूरवाल्यायले सांगा ना."

"सांगणं हीसुद्धा क्रियाच झाली."

"आन् मासोऱ्या मरून राहिल्या, त्याचं काय?"

"कोणी मारत नाहीये ना त्यांना?"

शकुनबाई घरी आली. जाऊ बायाबाईला घेऊन चरात उतरली. दोघी विळ्यानं दगड खरडू लागल्या. हातांना भेगा पडल्या, भेगांत लाल पाणी झोंबलं, पण तलाव निवळला. 'कोणाचाही हात न लागता पाणी शुद्ध' म्हणून भंडाऱ्यात साहेबांचा सत्कार झाला. हे यश असंच अस्पर्श राहावं म्हणून चराभोवती काटेरी तार आली आणि एक चौकीदार बसला.

दगडांवर पुन्हा गंज चढला, तेव्हा शकुनबाईनं लुगडं खोचलं आणि तार वाकवली.

"मावशी, आत जायले मनाई हाय," चौकीदार म्हणाला.

"मंग धर मले."

"धराची पावर नाही जी. पाहाचीच हाय."

ती उतरली. चौकीदारानं इमानानं पाहिलं. हळूहळू बांधावर सारं गाव जमलं. शकुनबाईचे सोललेले हात पाहून लोक हळहळले. हे काम सरकारनंच करायला पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

आपलंही मत तेच असणार. या, बांधावर अजून पुष्कळ जागा आहे.