लटारीभाऊंचे शेअर

लटारीभाऊंना नवी वस्तू दाखवायची सोय नव्हती. कंदील दाखवा, ते काचेवर टिचकी मारून विचारणार, "हे ज्या मशीनवर बनते, ते मशीन कोण बनवते?" एका लग्नात त्यांनी बँडवाल्याला त्याच्या पिपाणीबद्दल हेच विचारलं. तो वाजवायचं सोडून त्यांच्याशी वाद घालत बसला आणि वरात मारुतीपाशी पाऊण तास खोळंबली.

अहेरीच्या सागवान डेपोत ते हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखाली. पन्नासच्या दशकातली गोष्ट. गावात वीज नव्हती. दोन-तीन घरी बॅटरीवरचे रेडिओ होते. त्यांत काचेचे वाल्व असत, ते विलायतेहून येत, आणि एक जरी गेला तरी रेडिओ मुका होई. अशात मुंबईला एक कंपनी निघाली. ती वाल्व नव्हे, वाल्व बनवायची यंत्रं बनवणार होती. लटारीभाऊंनी होती नव्हती ती शिल्लक तिच्या शेअरमध्ये घातली.

तेव्हापासून तीन दिवसांचा शिळा पेपर आला की ते आधी बाजारभावाचं पान उघडत. वाल्वचा तुटवडा वाढल्याची बातमी असली की त्या दिवशी चहा त्यांच्याकडून. पाटलांचा रेडिओ बंद पडला तेव्हा हे त्यांच्या ओसरीवर जाऊन म्हणाले, चांगलंच झालं, जितका तुटवडा तितकी मशीनला मागणी. पाटील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. शेअरचा भाव दरवर्षी घसरत गेला. मी विषय काढला की ते शांतपणे म्हणत, "साग लावला का दुसऱ्याच दिवशी तोडाले जाते का कोणी?"

मग एका दुपारी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. भाऊंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. विलायतेत बिनवाल्वचे रेडिओ निघाले होते, यंत्रांना गिऱ्हाईक नव्हतं, कंपनी बंद होत होती. भागधारकांना काही मिळणार नव्हतं.

"म्हणजे वाल्व आता बनणारच नाई इथी?"

नाही बनणार, मी म्हणालो. शेती घेतली असती तर बरं झालं असतं, असंही बोलून गेलो. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

त्यांची एकुलती मुलगी नवव्या वर्षी तापात गेली. तेव्हापासून पार्वतावहिनी बोलायच्याच थांबल्या. भाऊंनी बदलून जाणाऱ्या एका साहेबाचा जुना रेडिओ घेतला. चार-सहा महिन्यांनी वहिनी तांदूळ निवडताना त्याच्याबरोबर गुणगुणायला लागल्या. आणि वाल्व गेला. भाऊ चांद्याला गेले, नागपूरला गेले. सगळीकडे एकच उत्तर, माल बाहेरून येईल तेव्हा.

"मंग म्हटलं, कोणीतरी इथीच बनवाले पाह्यजे. पैशासाठी नाई घेतले मी ते कागद."

पुढच्याच उन्हाळ्यात बांबूचा एक ठेकेदार कलकत्त्याहून तळहाताएवढा रेडिओ घेऊन डेपोत आला. तार नाही, वाल्व नाही, आणि गाणं खणखणीत. सगळे गोळा झाले. भाऊंनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि घरी बायकोला ऐकवायला म्हणून ठेकेदाराकडे एका दुपारपुरता मागितला. मला म्हणाले, चल.

वहिनी मागच्या पडवीत मोहफुलं वाळत घालत होत्या. भाऊ त्यांच्याजवळ उकिडवे बसले आणि बटण फिरवलं. कोणी बाई भजन म्हणत होती. वहिनींचे हात थांबले. त्यांनी ते दोन ओळी ऐकलं असेल. मग त्यांनी फुलं पसरायला पुन्हा सुरुवात केली आणि वर न बघता म्हणाल्या,

"बंद करा जी. आता सवय झाली मले."

भाऊंनी बटण फिरवलं. थोडा वेळ तिथेच बसून तेही फुलं पसरत राहिले. मी अंगणात उभा होतो, मला ना आत जाता येईना, ना बाहेर.

परत डेपोत आल्यावर त्यांनी रेडिओ धोतराच्या सोग्याने पुसून ठेकेदाराच्या हातात दिला. बाईंना आवडला का, असं त्याने विचारलं.

"खूप आवडला," लटारीभाऊ म्हणाले. "सोडतच नव्हती."